साडेतीन हातांच्या बोळाचा खटला

आमच्या घराची उत्तरेकडची भिंत आणि शेवंतामावशींच्या घराची दक्षिणेकडची भिंत यांच्यामध्ये साडेतीन हात रुंदीचा एक बोळ होता, आणि तो कोणाचाही नव्हता. कायद्याच्या राज्यात कोणाचीही नसलेली जागा असूच शकत नाही, हे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. जमीन एकतर कोणाच्या तरी मालकीची असते, नाहीतर शासनाची. परंतु हिंगोलीत मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागे वसलेल्या आमच्या नव्या वस्तीला हे तत्त्व कोणी समजावून सांगितले नव्हते. वस्तीत कारकून होते, शिक्षक होते, देवळातल्या पूजेवर गुजराण करणारे एक कुटुंब होते, आणि मुलांच्या शाळेसाठी तांड्यावरून येऊन राहिलेली बंजारा कुटुंबेही होती. शेवंतामावशी त्यांपैकीच. त्यांचे मालक तांड्यावर शेती बघत आणि आठवडी बाजाराच्या दिवशी जीपने येत. बाकीचे सहा दिवस मावशी दोन लेकरांना घेऊन एकट्या राहत. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, पाटबंधारे खात्यात कारकून होते. आई घरी. आणि मी वकिलीच्या पहिल्या वर्षाला. म्हणजे अर्धवट शिकलेला, आणि म्हणूनच पूर्ण खात्री असलेला.

वस्तीची सकाळ खराट्यांच्या आवाजाने होई. अजून उजाडते न उजाडते तोच दारोदारी खर्र खर्र सुरू होई; मग बादलीत शेण कालवल्याचा ओला वास, ओंजळीने मारलेल्या सड्याचा फटकारा, कोणाच्या तरी रेडिओवरचे भक्तिगीत, आणि नाक्यावरून जीपवाल्यांची आरोळी: "गोरेगाव, गोरेगाव, सेनगाव! एक सीट, एकच सीट!" ही एक सीट तासभर रिकामीच असे आणि जीपमध्ये तोवर पंधरा माणसे बसलेली असत. मोटार वाहन कायद्याचा तो रोजचा भंग पाहून माझे रक्त तापत असे, पण ते प्रकरण वेगळे आहे. सांगायचे आहे ते सड्याविषयी. आमच्या गल्लीत सड्याला सीमा होती. आपला सडा आपल्या भिंतीच्या टोकाला थांबवायचा. दुसरीच्या हद्दीत एक शिंतोडा गेला तरी "तुला होत नाही म्हणून मी करते" असे तिला सुनावल्यासारखे होई, आणि एवढ्या कारणावरून समोरच्या रांगेतल्या दोन जावा एकमेकींशी वर्षभर बोलत नव्हत्या. त्यामुळे आईचा सडा बोळाच्या अलीकडे थांबे, शेवंतामावशींचा पलीकडे. मधले साडेतीन हात कोरडे. अंगणे आरशासारखी, आणि दोन्हीकडून झाडत आणलेले सगळे त्या कोरड्या पट्ट्यात: निंबाचा पाला, चहाचा चोथा, भुईमुगाची टरफले, आणि नुकत्याच बाजारात दिसू लागलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशव्या.

त्यात दुपारची भर वेगळी. जेवणे आटोपली की आई आमच्या ओट्याच्या कडेला बसे आणि मावशी त्यांच्या ओट्याच्या. मध्ये बोळ. एकीच्या मांडीवर अंबाडीची जुडी, दुसरीच्या सुपात तूर. बोलणे चाले तास-दोन तास, आणि बोलता बोलता देठे, काड्या, कांद्याची साले बोळात पडत. "आक्का, तुमच्या येसरात धने जास्ती पडले, वास हिकडपोत आला," असे मावशी म्हणत, आई म्हणे, "मग ये ना चाखायला, वासावर काहून बसलीस?" आणि लगेच त्या मसाल्याच्या आमटीची वाटी बोळावरून पलीकडे जाई, परत येताना तीत तिळाची चटणी किंवा गुळाची लापशी असे, कारण रिकामी वाटी परत करणे दोघींनाही ठाऊक नव्हते. बोळातला तो ढीग म्हणजे त्या दोघींच्या मैत्रीचेच माप होते, हे मला आज दिसते. तेव्हा मला त्यात केवळ दंडसंहितेतला सार्वजनिक उपद्रव दिसे. डासही होतेच, हे मी आजही ठामपणे नमूद करतो. डुकरेही येत. माझी अभ्यासाची खिडकी नेमकी त्या बोळावर उघडे.

मी आईला सांगून पाहिले. आई म्हणाली, "अर्धं तिचं हाय, अर्धं आपलं. मी एकटीनं झाडलं तर तिला वाटंल मी तिला टोमणा मारून राहिले." मावशींना सांगण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मी अर्ज करणारा माणूस होतो. दोन कार्बन घालून, सुवाच्य अक्षरात, विषय आणि संदर्भ लिहून मी नगरपालिकेला अर्ज केला. मग स्मरणपत्र. मग दुसरे स्मरणपत्र. मग थेट जिल्हाधिकाऱ्यांना. आणि आमचा जिल्हा तेव्हा परभणी असल्यामुळे माझा संताप पोस्टाने बराच लांबचा प्रवास करत असे. (पुढे हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा लोकांनी फटाके वाजवले, मला आनंद झाला तो पत्र एका दिवसात पोचेल याचा.) अखेर नगरपालिकेचे उत्तर आले: सदर बोळ खाजगी भूखंडांमधील असल्याने लगतच्या धारकांनी आपसांत निराकरण करून घ्यावे. उत्तर कायदेशीरदृष्ट्या निर्दोष होते, आणि म्हणूनच मी अधिक भडकलो.

आपसांत निराकरण करण्याचा एकच रस्ता मला शिकवला गेला होता, तो म्हणजे नोटीस. मी दोन नोटिसा तयार केल्या. हे मी अभिमानाने सांगतो की पक्षपात केला नाही: एक शेवंताबाईंच्या नावे, दुसरी माझ्या वडिलांच्या नावे. दोन्ही रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. पंधरा दिवसांच्या आत सदर उपद्रव दूर करावा, अन्यथा पुढील कायदेशीर कारवाईची सर्वस्वी जबाबदारी आपणांवर राहील. पोस्टमन आला तेव्हा अण्णा बनियनवर दाढी करत होते. त्यांनी सही केली, पाकीट फोडले, एका गालावर साबण तसाच ठेवून पूर्ण नोटीस वाचली आणि म्हणाले, "मसुदा चांगला हाय. 'सर्वस्वी' दोनदा आलं. पोच दिली बरं का, आता भाकर खाऊन घे." आणि उरलेला गाल तासायला घेतला.

पलीकडच्या दारात मात्र तसे झाले नाही. मावशींना वाचता येत नव्हते. त्यांनी अंगठा उठवला आणि पोस्टमनलाच वाचून दाखवायला सांगितले. तो घाईत होता. त्याने पहिली ओळ वाचली, शेवटची वाचली, "पंधरा दिवस" वाचले, आणि सायकलवर टांग टाकली.

त्यानंतरचे दोन दिवस मी विजयात घालवले. बोळात पलीकडून एक देठ पडले नाही. एक साल नाही. कायद्याची ताकद पाहा, असे मी मनाशी म्हणत होतो. आई दुपारी ओट्यावर जाऊन बसे, वाट पाही आणि उठून आत येई. वाटी पलीकडे गेली ती तशीच, रिकामी आणि घासलेली, मुलीच्या हाताने परत आली. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने मावशींच्या अंगणात बांधलेली गाठोडी पाहिली. पितळेची भांडी, पाटा, शिवणाची पेटी, लेकरांची दप्तरे. सगळे दोरीने आवळून दाराशी लावलेले. आई बोळ ओलांडून गेली. मी खिडकीत होतो. मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"शेवंता, काय करून राहिलीस हे?"

"उठून चाललो आक्का, तांड्यावर."

"काहून? अन् लेकरांची शाळा?"

"कागद आला ना तुमच्या वकिलाचा. पंधरा दिवसांत उठा म्हनून."

"कोण म्हणलं उठा?"

"रजिस्टर कागद आला आक्का! सासऱ्याच्या टायमाला कालवा निघाला तवा असाच आला होता. अंगठा घेतला, पंधरा दिवस सांगितले, अन् तांडा उठला. आमच्या घरात रजिस्टर दोनदाच आलं. एक ते, अन् एक हे."

मी उडी मारून बाहेर गेलो. समजावू लागलो की नोटीस आणि भूसंपादन यांत मूलभूत फरक आहे, नोटिशीत घर सोडण्याचा उल्लेखच नाही, अशीच नोटीस अण्णांनाही दिली आहे. मावशी गाठोड्यावर बसून ऐकत होत्या. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, "बोळ झाडा म्हनायचं होतं?"

"होय."

"चार पावलांवर हाय मी. हाक मारता आली न्हाई, लेकरा? तुझी माय मला रोज हाक मारती. तू पोस्टातून काहून मारलीस?"

मी म्हटले, नोटीस मी मागे घेतो. मावशी म्हणाल्या, "आता तसं न्हाई. जीपवाल्याच्या हाती निरोप धाडला, मालकानं नायकाला सांगितलं. बाजाराच्या दिशी नायक येतो. त्यो बस म्हनला तर बसू, ऊठ म्हनला तर उठू." नायक म्हणजे तांड्याचा मुखिया, तांड्यातले तंटे त्याच्यापुढे मिटत. आई त्या दिवसापासून माझ्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढी, पण त्यात ठेचा नसे, आणि "अजून घे" हे शब्द नसत. चार दिवस मी भाकरी आणि वरण यांच्याशी एकटाच बसलो. खिडकीतून मला ती गाठोडी दिसत. सहामाही परीक्षा तोंडावर असलेली दोन लेकरे त्यांच्यावर बसून पाढे म्हणत. ती गेली असती तर ते माझ्यामुळे, एवढे मला पुरते कळले होते.

बाजाराच्या दिवशी सकाळी जीप आली. नायक उतरले: सत्तरीचे, ताठ, पांढरे धोतर, लाल पागोटे, हातात काठी. मागून मावशींचे मालक आणि आणखी दोन वडीलधारे. मी तयारीत होतो. फाईल होती, नगरपालिकेचे उत्तर होते, नकाशा होता. अण्णांनी ओट्यावर सतरंजी अंथरली होती. नायकांनी सतरंजीकडे पाहिलेही नाही.

"झगडा कुठं हाय?"

मी बोळ दाखवला.

"मग बसनं तिथंच."

"तिथे? तिथे कसे बसणार? तिथे तर..."

"झगडा जिथं, बसनं तिथं. दुसऱ्या जागी बसलं का मानूस लांबचं बोलतं." मग त्यांनी काठीने आधी माझ्याकडे आणि नंतर मावशींकडे रोख धरला. "तू सांगनार, ही सांगनार. दोघं मिळून जागा करा. आमी चहा पितो."

आणि ते खरोखर आमच्या ओट्यावर चहा पीत बसले. न्यायासनाची जागा वादी आणि प्रतिवादीने मिळून झाडावी, अशी तरतूद मी कोठेही वाचली नव्हती. मी अण्णांकडे पाहिले. ते बशीत फुंकर घालत होते. मावशींनी पदर खोचला आणि खराटा घेतला. मी फावडे. पाच मिनिटांत अख्खी गल्ली गोळा झाली. "वकीलसाहेब, फावडं उलटं धरलं!" कोणी तरी ओरडले. "अर्ज करू नका, उचला!" दुसरा. मावशी मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "हसू नका रे, पैल्यांदा करून राहिला." मग आईही खराटा घेऊन बोळात उतरली, माझ्याकडे न बघता. तिघांनी मिळून टोपल्या भरल्या आणि मावशींच्या मालकांनी त्या नेऊन टाकल्या. ढिगाखालून हरवलेल्या वस्तू निघाल्या: आईचा चमचा, मावशींच्या मुलीची एक चप्पल, अण्णांच्या चष्म्याचे घर. भाजीची देठे वगैरे तळाशी गेली होती ती केव्हाच माती झाली होती, काळी आणि भुसभुशीत. पण त्या मातीत एक थर असा होता की जो काही केल्या सुटेना. चोळामोळा केलेले कागद. कार्बनचे निळे-काळे पापुद्रे. माझ्या अर्जांचे रद्द केलेले मसुदे, मी खिडकीतून फेकलेले, वर्षभराचे.

नायकांनी एक कागद काठीच्या टोकावर उचलून अण्णांपुढे धरला. "काय लिवलं?"

अण्णांनी चष्मा नाकावर सरकवला आणि न्यायालयात वाचावे तसे वाचले: "मा. जिल्हाधिकारी साहेब, परभणी. विषय: घराशेजारील बोळातील असह्य अस्वच्छतेबाबत."

गल्ली इतकी हसली की नाक्यावरच्या जीपवाल्याची आरोळी थांबली. नायक हसले नाहीत. "म्हंजी देठं बायांची, अन् कागद वकिलाचे," ते म्हणाले. "देठं सडून गेली बिचारी. कागद सडना."

बोळ झाडून झाला, आईने पाणी मारले, मावशींनी घोंगडी अंथरली. त्या साडेतीन हातांत नायक आणि ते दोन वडीलधारे, म्हणजे पंच, एका रांगेत भिंतीला टेकून बसले, आणि आम्ही समोरच्या भिंतीला, गुडघ्याला गुडघा लागेल असे. मी फाईल उघडली. नायकांनी तीवर हात ठेवला. "तोंडानं सांग. तकलीफ काय?" मी म्हणालो, डास चावतात, वास येतो, अभ्यास होत नाही. फाईलशिवाय माझा खटला एका वाक्यात संपला याचे मला फार वाईट वाटले. "बराबर हाय," नायक म्हणाले. "शेवंता, तुझी?" मावशी म्हणाल्या, "ह्यानं हाक मारली न्हाई. लई भ्याले मी." "ते बी बराबर." मग पंच त्यांच्या भाषेत काही वेळ बोलले. मला शब्द कळत नव्हते, पण एकदा सगळे माझ्या फावड्याकडे पाहून हसले एवढे कळले.

निकाल असा: शेवंता उठणार नाही. बोळ कोणाचा हे कोणी विचारायचे नाही. आईने उद्यापासून सडा मावशींच्या भिंतीपर्यंत मारायचा, आणि मावशींनी आईच्या भिंतीपर्यंत. दोघींनी, रोज, आणि त्यात कोणी टोमणा शोधायचा नाही, कारण दोघींनाही तसेच सांगितले आहे. मी न राहवून उठलो. एकाच जागेवर दोघींचा पूर्ण अधिकार आणि दोघींची पूर्ण जबाबदारी, हे तत्त्वतः अशक्य आहे, मी म्हणालो. अर्धे अर्धे तरी करा. नायक म्हणाले, "अर्ध्याची रेघ जिथं पडती तिथंच कचरा पडतो, पोरा. आतापोत तेच झालं."

आज तीस वर्षे मी या निकालावर विचार करतो आहे. मी न्यायालयात नोकरी केली, शेकडो निकालपत्रे माझ्या हाताखालून गेली. यातली त्रुटी मला सापडलेली नाही. आता त्या गल्लीत सिमेंटचे ठोकळे बसवले आहेत, घंटागाडी गाणे वाजवत येते आणि लोक तिच्या चाकाखाली पिशवी फेकून दार लावतात. त्याबद्दल माझी सतरा पत्रे कार्यालयात पडून आहेत आणि अठरावे मी उद्या टाकणार आहे. राग माझा गेलेला नाही. जाण्याचे कारणही नाही. फक्त पत्र टाकण्याआधी मी पिशवी फेकणाऱ्या घराचे दार एकदा वाजवतो.

त्या दिवशी निकालाबरोबर दंडही दोन्ही घरांना झाला: त्याच बोळात चूल मांडून गल्लीला जेवू घालायचे. मावशींनी गुळाची लापशी रटरटवली, आईने येसराची आमटी केली, भाकऱ्या चार घरांतून आल्या. साडेतीन हातांत एकच पंगत बसते आणि वाढणाऱ्याला भिंतीला पाठ घासत कडेकडेने सरकावे लागते. वाढणारा मी होतो. भिंतीचा चुना सगळा सदऱ्याच्या पाठीला लागला. शेवटी मी बसलो तेव्हा आई ताटाशी आली, ठेच्याचा गोळा वाढला, आणि म्हणाली, "अजून घे." मावशी तेव्हा गाठोड्याची दोरी सोडत होत्या.

एक गोष्ट राहिली होती. नायक जीपमध्ये चढताना म्हणाले होते, "कागद माघारी घे. जसा आला तसाच." म्हणून मी नोटीस मागे घेत असल्याचे पत्र लिहिले आणि रजिस्टर पोस्टाने पाठवले, चार पावलांवर. त्यात माझ्या आयुष्यातले पहिले "दिलगीर आहे" होते. पोस्टमन आला, मावशींनी अंगठा उठवला, आणि या वेळी त्यांनी त्याला वाचू दिले नाही. अंगणातून हाक आली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी: "वकीऽऽल! तुझा कागद आला, ये वाचून दाखव!" मी गेलो. उभ्याने वाचला. त्यांनी दोनदा वाचायला लावला, "दिलगीर"पाशी तिसऱ्यांदा. मग चहा दिला, मला खाली बसवले आणि म्हणाल्या, "आता ह्याचं उत्तर लिव. मी सांगते."

मी कागद काढला. आदरणीय घालू का, विषय घालू का, असे विचारले. "काई घालू नको," त्या म्हणाल्या. ते उत्तर त्यांनी माझ्याच पत्त्यावर, रजिस्टरनेच, मलाच टाकायला लावले. आयुष्यभरात मी शेकडो पत्रे लिहिली. इतक्या तातडीने आणि इतके स्वच्छ उत्तर मला पुन्हा कोणत्याही कार्यालयाकडून आले नाही. त्यात तीनच ओळी आहेत, माझ्या अक्षरात, खाली मावशींचा निळा अंगठा:

"कागद पोचला. आमी कुठं जात न्हाई. डास अजून चावत असले तर हाक मार."